दुसरा ठिपका

सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून आधीच सांगतो की ठेवू नका. नागझिऱ्याच्या वाघाचा श्वास मी फोटोत पकडलेला आहे. वाघाचे फोटो काय, नागपूरची माणसं जिप्सीत बसून पोत्यानं काढतात. मी श्वास काढला. जनावर इतकं जवळ आलं की त्याची वाफ माझ्या कॅमेऱ्याच्या काचेवर बसली आणि फोटो सगळा पांढुरका आला, आणि त्या पांढुरकेपणामागे जो पिवळट डाग आहे तो वाघ. आमगावच्या स्टेशनबाहेरच्या चहाच्या ठेल्यावर हा फोटो पाहिला नाही असा माणूस आता उरला नसेल. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतोच, "यादोरावभाऊ, हा तं तनसीचा ढीग दिसून राहिला." तनस म्हणजे भाताचा पेंढा. मग मी शांतपणे सांगतो की बाबू, कॅमेरा साधा आहे, शिकाऊ पोरांचा. भारी असता तर मिशा मोजून दाखवल्या असत्या. एवढं म्हटलं की चहा येतो आणि विषय मिटतो. आणि आमची मंडळी, अनुसयाबाई, तिथं असली तर तीही मान डोलावून म्हणते, "हो ना बापा, मले तं वास बी आला होता." ती त्या दिवशी नागझिऱ्याला आलीच नव्हती. साधा कॅमेरा ही किती सोयीची वस्तू आहे हे मला कळलं गोंदियाच्या एका दुकानात, आणि कळलं तेही चुकीच्या वेळी, तो बदलायला गेलो असताना.

दुकान बाजारात, मिठाईवाल्याच्या डोक्यावर. जिना उभा. अनुसयाबाई खालीच थांबली. "मले नाई चढवत इतक्या पायऱ्या. तुमी जा, पाहा, अन् लवकर या. गाडी चुकली तं मंग पाहा," असं बजावून ती समोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसली, मांडीवर पिशवी घेऊन. वर दुकानमालक चुन्नीलालची मुलगी दामिनी एकटीच होती. गोंदियात मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर येतं, त्यामुळे मी सरळ हिंदीत विचारलं, तर ती मराठीत बोलायला लागली. तिनं कपाटातून नवा कॅमेरा काढून माझ्या हातात ठेवला. जड होता, पण त्याचं जडपण तळहातात बरोबर मावत होतं, तयार आंब्यासारखं. "अंकल, तुम्ही फक्त धरा. बाकी ये खुद करता है. यात आरसा नसतो." मी म्हटलं, मग भांग कशात पाडायचा. ती हसली नाही. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचे विनोद तिच्या रोजच्या कामात धरलेले असावेत. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खिडकीतून खाली रस्त्यावर धरला, आणि तिथं गडबड झाली. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात आरशावरून आलेला उजेड दिसतो, जसा आहे तसा, जरा अंधारा. यात एक चकचकीत टीव्ही होता, आणि त्या टीव्हीत प्रत्येक माणसाच्या चेहऱ्याभोवती एक पांढरा चौकोन. सायकलवाला गेला, चौकोन त्याच्याबरोबर गेला. भेळवाल्यापाशी तीन पोरी उभ्या होत्या, तीन चौकोन. एकीनं तोंड फिरवलं तर तिचा विझला, वळली तर पुन्हा पेटला. "पाखरांचे डोळे पण पकडतो," दामिनी मागून म्हणाली, "जितनी चिडिया, उतने चौकोन." मी भिंगाचं कडं फिरवलं, समोरचा ओटा धावत जवळ आला आणि चौकोन एका म्हातारीवर जाऊन थांबला. ओठ हलत होते तिचे, कोणाशी तरी बोलत असल्यासारखे. गालाची हाडं वर आलेली, कपाळावर कुंकवाखाली घामानं एक रेघ काढलेली, आणि डोळ्यांत एक दमलेपण, जे माणूस एकटा असला म्हणजेच बाहेर काढून ठेवतो. कोण बिचारी, असं माझ्या मनात आलंसुद्धा. मग पिशवी दिसली. पिशवी माझी होती.

मी कॅमेरा खाली घेतला, काउंटरवर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. साध्या डोळ्यानं खाली पाहिलं तर नेहमीची अनुसयाबाई होती, हिरव्या लुगड्याचा एक ठिपका, गोल, स्वस्थ, माझी वाट पाहत बसलेला. मला तोच ठिपका माहीत होता. इतकी वर्षं मी आमगाव स्टेशनात तिकीट खिडकीच्या आत बसून काढली, आणि त्या खिडकीला काचेत एक अर्धा चंद्र कापलेला असतो, त्यातून माणसं हात घालतात. चेहरे वर, काचेवरच्या धुळीमागे, पुसट. मी हात ओळखायचो. भाताच्या चिखलानं नखं काळी झालेला हात गोंदियाला कोर्टात चाललाय, मेंदीचा हात डोंगरगडला देवीला चाललाय, थरथरणारा हात दवाखान्याचा. हात पाहून मी मनात त्या माणसाची अख्खी गोष्ट रचायचो आणि संध्याकाळी घरी ती खरी म्हणून सांगायचो. "आज एक बाई पळून जाऊन राहिली होती रायपूरले," मी सांगायचो, आणि अनुसयाबाई भाकरी थापता थापता विचारायची, "मंग पोहोचली का?" पोहोचली की नाही हे मी दुसऱ्या दिवशी ठरवायचो. चेहरा पाहिला असता तर यातलं काही सांगता आलं नसतं. चेहऱ्यावर लिहिलेलं असतं की बाई दात दुखतो म्हणून चाललीये. दुकानात उभ्या उभ्या मला हे आठवलं आणि मी कॅमेरा तिसऱ्यांदा उचलून तिसऱ्यांदा ठेवला. दामिनीनं पाण्याचा ग्लास दिला. "ए.सी. कमी करू का, अंकल?" ए.सी. बंदच होता.

माझा कॅमेरा तसा माझा नव्हे, लोकेशचा. लोकेश माझा मुलगा, पुण्यात असतो. नोकरी लागली तेव्हा त्यानं तो शिकायला म्हणून घेतला, दोन वर्षांत त्याचं मन त्याच्यावरून उडालं, मोठा घेतला, आणि मी रिटायर झालो त्या दिवाळीला हा माझ्या गळ्यात अडकवला. "बाबा, गप्पा मारून राहता दिवसभर, आता पुरावा बी आणत जा." पोरगं हसत म्हणालं, पण पुरावा हा शब्द मला तेव्हाच टोचला होता. हातात धरायचं रबर एका पावसाळ्यात सुटलं, ते मी सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलं. फोटोचा प्रकार निवडायच्या चाकावरची चित्रं, तो पळणारा माणूस, तो डोंगर, ते फूल, सगळी घासून गेली. मी कुठंही ठेवतो आणि दाबतो. खटॅक असा आवाज येतो, मालगाडीचा डबा जोडल्यासारखा. त्या आवाजानं बगळे उडतात. लांबचं दाखवणारी भिंगाची नळी आहे, ती पूर्ण ताणली की टोकाला सगळं जरा विरघळल्यासारखं दिसतं, आणि मला वाटायचं की जग तिथं संपतच असं असेल, कडेला मऊ. गेल्या महिन्यात लोकेशचा फोन. मी नवीन घेऊन देतो, तुम्ही फक्त गोंदियाला जाऊन हातात धरून पाहा, पैशाचं नाव काढू नका. मी म्हटलं, अरे, जुना चांगला चालू आहे. तो म्हणाला, "मंग भुपेंद्रदादा असा काऊन म्हणून राहिला, का तुमच्या फोटोत काईच दिसत नाई म्हणून?"

तर भुपेंद्र. आमच्या आमगावच्या शाळेत शिकवतो, आणि दरसाल जूनमध्ये सारसांची गणना होते तिची आमच्या बाजूची जबाबदारी त्याच्याकडे. सारस म्हणजे माणसाएवढा उंच पक्षी, लाल मानेचा, भाताच्या बांध्यांतून, म्हणजे खाचरांतून, अशा तालेवार चालीनं फिरतो की वाटावं शेत याच्याच बापाचं. महाराष्ट्रात तो म्हणावा तर आमच्याकडेच उरलाय. गणना अशी होते की पहाटे अंधारात एकेका तळ्यावर, बोडीवर एकेक माणूस जाऊन उभा राहतो, आणि उजाडलं की एकाच वेळी सगळ्यांनी आपापल्या समोरचे पक्षी मोजायचे, म्हणजे इथला उडून तिथं गेला तरी दोनदा मोजला जात नाही. माझी जागा ठरलेली, गावाबाहेर बकारामच्या बांध्यांना लागून एक बोडी आहे, छोटं तळंच म्हणा, तिथली जोडी. ती जोडी मी आणि अनुसयाबाईनं मिळूनच पाहायला सुरुवात केली, रिटायर झाल्यावर सकाळी फिरायला जायचो तेव्हा. अनुसयाबाई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसायची, चपला काढून, आणि ते दोघं माना वर करून एकदम ओरडायचे, आधी तो, मग ती, लगेच, त्याचा आवाज संपायच्या आत, जसं काही एकाच गळ्यातून येतंय. "पाहा जी, तिले वाट पाहाची सवयच नाई," अनुसयाबाई म्हणायची. ठेल्यावर मी त्या जोडीच्या गोष्टी सांगायचो. मादीनं माझा मफलर पळवून घरट्यात घातला. नर माझ्या शिटीला उत्तर देतो. लोक मला सारसवाले म्हणायला लागले, आणि त्या नावाची मला नोकरीतल्या नावापेक्षा जास्त सवय झाली.

यंदा जूनमध्ये मी एकटाच गेलो, अनुसयाबाईचे गुडघे धरले होते. उजाडलं. मी फोटो काढला, आणि नोंद दिली दोन. भुपेंद्रनं फोटो मोबाईलवर पाहिला, दोन बोटांनी ताणला, आणखी ताणला, आणि म्हणाला, "काका, एक हाय. हा दुसरा का होय? हा तं ठिपका आहे." मी म्हटलं, ठिपका नव्हे, ती मादी आहे, खाली वाकलेली, कंद शोधते आहे. कॅमेरा साधा, त्याला मी काय करू. तो म्हणाला, "ठिपके मोजत नाईत ना काका, पाखरं मोजतात. मागच्या वर्षी जोडी होती म्हणून यंदा बी जोडी, असा लिहिता येत नाई. लोकेशले सांगून नवा कॅमेरा घ्या. मंग एक साफ फोटो आणा. तवर मी तुमची बोडी कोरी ठेवतो." कोरी ठेवतो. माझी बोडी त्यानं कोरी ठेवली. त्या रात्रीपासून माझ्या अंगात जी भिंगरी सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. ताटावरून उठतो, कॅमेरा काढतो, काच पुसतो, ठेवतो. तो फोटो त्या चिमुकल्या पडद्यावर ताणतो. दोन आहेत. एक उभा, आणि त्याच्या मागे, बेशरमच्या झुडपाला लागून, एक. भुपेंद्रला मी वाकलेली म्हटलं, ते घाईत म्हटलं. ती वाकलेली नव्हती, पाठमोरी होती, म्हणून लाल मान दिसत नाही. आता आठवतं, ती पंख साफ करत होती. पहाटेच्या उजेडात मी तिला पाहिलं त्याची माझ्याजवळ इतकी बारीक आठवण आहे की ती खोटी असणं शक्य नाही. नर ओरडला. आणि ती लगेच ओरडली. म्हणजे जरा वेळानं. आमच्या बोडीला पलीकडच्या टेकाडाचा पडसाद येतो, पण पडसाद आणि पाखराचा आवाज यातला फरक मला कळतो.

बकारामला विचारलं असतं, पण चैतापासून बकाराम मला भेटत नाही, किंवा मी त्याला. त्याच्या बांधीच्या कोपऱ्यात विजेचा खांब आहे, त्या बाजूनं मी हल्ली जात नाही. चिखल असतो तिथं. चैतात चिखल कसा, असं कोणी विचारेल, पण असतो.

आणि नवा कॅमेरा घेऊन मी बोडीवर उभा राहिलो तर काय होईल हे मला खिडकीतून खाली पाहिल्यापासून दिसायला लागलं होतं. तो टीव्ही पेटेल. एक चौकोन नराच्या डोळ्यावर बसेल. मग मी कडं फिरवीन, झुडपाकडे नेईन, आणि ते यंत्र झुडपात शोधेल, शोधेल. त्याला कोणाची ओळख नाही, मागच्या वर्षाची आठवण नाही, धुऱ्यावर काढून ठेवलेल्या चपला त्यानं पाहिलेल्या नाहीत. मी जुना कॅमेरा गळ्यातून काढून नव्याच्या शेजारी ठेवला. बाजूबाजूला ते बापलेकासारखे दिसत होते, बाप बुटका. माझ्या मनात आलं की सांगावं, नको बेटा, राहू दे, डोळ्याला जड पडतो. लोकेशला सांगावं, हाताला बसला नाही. मग वाटलं, घ्यावा आणि कपाटात ठेवावा. मग वाटलं, घ्यावा, आणि बोडीवर जावं, आणि एकदाचं. पुढचा शब्द मनानं उच्चारला नाही. दामिनी तेवढ्यात माझा जुना कॅमेरा उचलून म्हणाली, "अंकल, फरक दाखवते ना. तुमचा फोटो मोठ्या टीव्हीवर लावते, मग नव्याचा लावते. लोक लगेच ठरवतात." मी नको म्हणेपर्यंत तिनं कार्ड काढून लावलंही. भिंतीवरच्या पडद्यावर, दाराएवढी, माझी बोडी उभी राहिली.

इतकी मोठी मी ती कधी पाहिली नव्हती. दाणेदार, करडी, कडेला विरघळलेली. मधोमध नर, त्याची लाल मान गेरूच्या फराट्यासारखी. आणि मागे तो. दामिनी जवळ गेली, मान तिरकी केली. "ये एक तो सारस है. और ये दूसरा?"

"मादी," मी म्हटलं. आवाज नेहमीसारखाच निघाला, ठेल्यावरचा. "तुला सांगतो, कोणाला सांगू नको. हे जोडपं जन्माचं असतं. एक मेलं तर दुसरं जेवत नाही. म्हणून त्यांचा फोटो काढताना दोघांना एकाच काचेत धरावं लागतं, नाहीतर अपशकुन. हा नर माझ्या शिटीला उत्तर देतो. मागच्या वर्षी हिनं माझा मफलर नेला."

"सच्ची?" ती हसली. पहिल्यांदा हसली. "पण नीट दिसत का नाही?"

"कॅमेरा साधा आहे ना. शिवाय ती बसलेली आहे." हे वाक्य आधी कधी सुचलं नव्हतं, ते आपोआप आलं आणि आल्याबरोबर सगळं नीट जुळलं, वाकणं, पाठ, मान न दिसणं, सगळं. जिन्यावर कोणाची तरी पावलं वाजत होती, थांबत थांबत, पण मी आता रंगात होतो. "घरटं आहे तिथं. गेल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आलो. पाण्यात गवताचा ढीग, आणि त्यावर ही. दोन अंडी आहेत खाली, पांढरी, माझ्या मुठीएवढी. नर पहारा देतो. श्रावण सरता सरता पिल्लं चालायला लागतील, मग जोडीचे चार होतील, आणि मग आमच्या मास्तरला कोरी ठेवायला जागाच राहणार नाही. तेव्हा हा कॅमेरा लागेल मला. आत्ता घाई करण्यात अर्थ नाही. आत्ता तिला त्रास द्यायचा नाही."

अनुसयाबाई दारात उभी होती. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात पिशवी, धाप लागलेली. पायऱ्या चढून आली होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि मघाचाच चेहरा दिसला, ओट्यावरचा. तिनं तो वर येताना बदललाच नव्हता. दामिनीनं स्टूल पुढे केलं. "बसा ना आंटी. अंकल सांगत होते, सारसची मादी अंड्यांवर बसलीय. तुम्ही पण पाहिली?"

ती बसली नाही. ती भिंतीवरच्या पडद्याकडे पाहत राहिली, आधी नराकडे, मग ठिपक्याकडे. मी वाट पाहत होतो, हो ना बापा, मले तं अंडी बी दिसली होती, असं ती म्हणेल म्हणून. म्हणायचीच ती. इतक्या वर्षांत एकदाही चुकली नव्हती. तिनं पदरानं कपाळावरची ती रेघ पुसली आणि माझ्याकडे न बघता, अगदी हळू, गाडीची वेळ सांगावी तसं म्हणाली,

"चैतात तारेले लागून मेली ते. बकारामनं बांधीच्या कोपऱ्यात पुरली, तुमी धुऱ्यावरून पाहून राहिले होते. मले तवाच समजला. वाघाचा बोला, मफलरीचा बोला, मी होच म्हणून राहिली आजवर. कॅमेरा घ्याचा तं घ्या, नाई तं नका घेऊ. पण मेलेल्या पाखराले अंड्यावर नका बसवू जी."